४०३ आला की : सर्व्हिस अकाउंट की ओऑथ?

स्क्रिप्टमधून शीट वाचता-लिहिताना गूगल शीट्स एपीआयने ४०३ ('परवानगी नाही' हा एरर) फेकला की आधी एक बघा: गूगल क्लाउडवरच्या तुमच्या प्रोजेक्टमध्ये शीट्स एपीआय चालू आहे ना? नसेल तरी ४०३च येतो. तिथे सगळं ठीक असेल, तर पुढचा उपाय स्क्रिप्ट आत कशी शिरते, सर्व्हिस अकाउंटने की ओऑथने, त्यावर ठरतो.

सर्व्हिस अकाउंट म्हणजे स्क्रिप्टसाठी काढलेलं वेगळं खातं; वेगळाच माणूस समजा. शीट तुमची असली तरी त्याला ती दिसत नाही. त्या अकाउंटसाठी डाउनलोड केलेल्या जेसन किल्लीच्या फाइलमधला 'क्लायंट ईमेल' कॉपी करा, शीटचं 'शेअर' बटण दाबा, त्याला एडिटर करा. झालं. (एवढ्यासाठी मी एकदा अख्खी दुपार कोड उसवत बसलो होतो.) फक्त ऑफिसच्या ॲडमिनने बाहेर शेअर करणं बंद केलं असेल, तर त्याच्याच मागे लागावं लागतं.

ओऑथमध्ये तुम्ही गूगलला लॉगिन करून संमती देता आणि स्क्रिप्ट तुमच्याच नावाने जाते, शेअरिंगची भानगड नाही. पण टोकन (संमतीनंतर मिळणारा पास) फक्त वाचण्याच्या स्कोपवर (परवानगीच्या मर्यादेवर) घेतलं असेल, तर लिहिताना पुन्हा ४०३. कोडमध्ये स्कोप बदलून भागत नाही. जुनी टोकन फाइल उडवून परत संमती द्यावी लागते. शिवाय बाहेरच्यांसाठीचं ॲप 'टेस्टिंग'मध्ये असेल, तर रिफ्रेश टोकन (पास संपला की नवा मिळवून देणारं) ७ दिवसांत मरतं.

रोज पहाटे आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला मी सर्व्हिस अकाउंटच देतो. लोकांनी आपापल्या शीट उघडायच्या असतील, तर ओऑथ.