प्लॅटफॉर्मडर्स आणि पाथलिब: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहनिर्माण संस्थेसाठी मी देखभाल शुल्काच्या पावत्या तयार करणारा एक छोटा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला आहे. संस्थेच्या कार्यालयात विंडोज, खजिनदारांच्या घरी जुना मॅक आणि माझ्याकडे उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) अशी तीन ठिकाणे असल्यामुळे कोणती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. त्यासाठी गेले वर्षभर मी प्लॅटफॉर्मडर्स ही मोफत, मुक्त स्रोत लायब्ररी (आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड) वापरत असून, तिच्या जोडीला पायथनमध्ये ३.४ या आवृत्तीपासून असलेले, फाइलचे मार्ग हाताळणारे पाथलिब आहे. एकापेक्षा अधिक प्रणालींवर चालणारे काही लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही जोडी वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फाइलची जागा ती बिनचूक सांगते. फाइलच्या नावाची काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागते.

लायब्ररीकडे वळण्याचे कारण माझी स्वतःची चूक होती. पूर्वी माझा प्रोग्राम होम फोल्डरच्या मार्गाला ‘डॉक्युमेंट्स’ हा शब्द जोडून मोकळा होत असे. एका तिमाहीला सचिवकाकांचा फोन आला, “अहो, पावत्या तयार झाल्या असं स्क्रीनवर दिसतंय, पण डॉक्युमेंट्स उघडलं तर आत काहीच नाही.” कार्यालयात जाऊन पाहिले, तेव्हा त्या संगणकावर क्लाउड बॅकअप सुरू केल्यामुळे खरे डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या जागी गेल्याचे आढळले, माझ्या प्रोग्रामने जुन्या जागी त्याच नावाचे नवे फोल्डर बनवून सगळ्या पावत्या त्यात ठेवून दिल्या होत्या. विंडोजमध्ये ही जागा बदलता येते आणि लिनक्समध्ये तर फोल्डरचे नावही निवडलेल्या भाषेप्रमाणे वेगळे असू शकते, त्यामुळे अंदाज बांधण्याऐवजी प्रणालीलाच विचारणे आवश्यक असते. प्लॅटफॉर्मडर्स नेमके हेच करते. विंडोजवर ती प्रणालीकडून खरी जागा मागवते आणि लिनक्सवर वापरकर्त्याच्या फोल्डरांची नोंद असलेली फाइल वाचते. माझ्या प्रोग्राममधील तीन अटी काढून तेथे एक ओळ आली.

सेटिंग, विदा (डेटा) आणि तात्पुरत्या फाइल यांच्या बाबतीतही ती तितकीच उपयोगी ठरते. लिनक्सवर या तिन्हींसाठी होम फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग’, ‘.लोकल’मधील ‘शेअर’ आणि ‘.कॅश’ अशा वेगवेगळ्या जागा ठरलेल्या आहेत. मॅकवर ‘लायब्ररी’ नावाच्या फोल्डरमधील ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ आणि ‘कॅशेस’, तर विंडोजवर ‘ॲपडेटा’ वापरले जाते. येथे दोन गोष्टी आधी वाचून घ्याव्यात. पहिली किरकोळ आहे: विंडोजवर निर्मात्याचे नाव दिले नाही, तर प्रोग्रामचेच नाव निर्माता म्हणून धरले जाते आणि एकाच नावाचे फोल्डर एकात एक असे दोनदा तयार होते, निर्माता नको असे सांगितले की ते टळते. दुसरी अधिक गंभीर आहे. सेटिंग आणि विदा यांच्या जागा लिनक्सवर वेगळ्या असल्या, तरी विंडोज आणि मॅकवर लायब्ररी दोन्हींसाठी एकच फोल्डर देते. सेटिंग आणि सभासदांची यादी या दोन्हींच्या फाइलींना मी ‘संस्था’ हेच नाव दिले होते. उबुंटूवर सर्व सुरळीत चालले. विंडोजवर मात्र सेटिंगची फाइल सभासदांच्या यादीवर लिहिली गेली असती. चाचणीच्या वेळीच हे लक्षात आले, म्हणून यादी बचावली.

पाथलिबमध्ये मार्गाचे तुकडे तिरक्या रेघेने (/) जोडता येतात आणि विंडोजची उलटी रेघ लिहिण्याची वेळच येत नाही. वाचायला ते फार स्वच्छ वाटते. परंतु आपल्याकडे सदनिकेचा क्रमांक ‘बी/१०४’ असा लिहिण्याची पद्धत आहे, आणि तोच मी फाइलचे नाव म्हणून दिला होता. पाथलिबने त्या रेघेचा आपल्या नियमाप्रमाणे अर्थ लावला: ‘बी’ नावाचे फोल्डर आणि त्यात ‘१०४’ ही फाइल. ते फोल्डर अस्तित्वातच नसल्यामुळे प्रोग्राम थांबला. आता रेघेच्या जागी आडवी जोडरेघ टाकूनच मी क्रमांक पुढे पाठवतो.

मराठी नावे वापरणाऱ्यांनी सर्वांत अधिक लक्ष ‘ऱ’ या अक्षराकडे द्यावे. खजिनदारांनी मॅकवरून पाठवलेली झिप मी उबुंटूवर उघडली, तेव्हा ‘दुसऱ्या तिमाहीच्या पावत्या’ हे फोल्डर शेजारी शेजारी दोनदा दिसू लागले. दोन्ही नावे डोळ्यांना तंतोतंत सारखी होती. अक्षरांचे क्रमांक छापून पाहिल्यावर उलगडा झाला: युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि ‘र’ व त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे जोडूनही लिहिता येते. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नाव सुटे करून साठवते, माझ्या कळफलकावरून ते अखंड उमटते आणि लिनक्स ही दोन नावे निरनिराळी मानते. पाथलिब किंवा प्लॅटफॉर्मडर्स यांपैकी कोणीही त्यात हस्तक्षेप करत नाही, आणि तसे करणे त्यांचे कामही नाही. पायथनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ हे फंक्शन वापरून मी आता प्रत्येक नाव साठवण्यापूर्वी एनएफसी, म्हणजे अखंड रूपात आणतो, आणि जुनी फाइल शोधताना डिस्कवरील नाव व हवे असलेले नाव ही दोन्ही त्याच रूपात आणून मगच त्यांची तुलना करतो.