'अफ्रेड ऑफ' एकदाचं डोक्यात बसलं

नाशिकला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. 'मी कुत्र्यांना घाबरते' याचं वर्षानुवर्षं 'अफ्रेड टू डॉग्ज' करायचे; आपल्या मराठीतला तो 'ना' आड यायचा! घराजवळच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये मॅडमनी फळ्यावर दोनच वाक्यं लिहिली: 'आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ डॉग्ज', 'आय अ‍ॅम अफ्रेड टू गो आउट अलोन'. नामाआधी ऑफ, मूळ क्रियापदाआधी टू. लख्ख कळलं. त्याहून मोलाचं म्हणजे 'आय अ‍ॅम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन टुडे' यात भीती नाहीच, दिलगिरी आहे. फोनवर आता रोज तोंडात येतं. एका बाकावर चौघींना दाटीवाटीने बसवतात, वही उघडायला जागा नसते. ते मात्र बदलायलाच हवं. तरी पुढची बॅच इथेच लावणार.