१९३९ चा रुपया: नाणं खरं, साल खोटं

जुनी नाणी ऑनलाइन लिलावात घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे, आणि त्यातही ब्रिटिश काळातले रुपये सालवार जमवणाऱ्यांसाठी. माझे एकसष्ट हजार पाचशे रुपये ज्या नाण्यात गेले ते टांकसाळीतूनच बाहेर पडलेलं आहे. चांदी अस्सल, वजन बरोबर, आवाज खणखणीत. त्यावरचा एक आकडा तेवढा खोटा. घरच्या घरी करायच्या ज्या परीक्षा सगळे सांगतात, त्या सगळ्यांत हे नाणं पास होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी १९३९ च्या रुपयाचं एवढं काय, ते. चांदीचा रुपया एका तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी. त्या वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं, लोक चांदीची नाणी घरात दाबून ठेवू लागले आणि १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली. १९४७ ला तर चांदी संपलीच, निकेलचा वाघाचा रुपया आला. या सगळ्यात १९३९ साल घातलेला रुपया जवळजवळ दिसेनासा झाला. १९३८ चा मात्र आजही सहज मिळतो आणि त्यामानाने स्वस्त. दोन्हींची चांदी एक, वजन एक, सहाव्या जॉर्जचा मुखवटाही तोच. फरक शेवटच्या आकड्याचा. आणि इंग्रजी आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडून काढली की नऊ होतो.

आमच्याकडे आजोबांपासूनचा संग्रह आहे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया त्यांनी जपून ठेवला होता, ज्यात राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ ला तो नव्याने कोरावा लागला. पुढची सालं मी भरत गेले. सहाव्या जॉर्जच्या ओळीत १९३९ ची खाच रिकामी होती, आणि ही गोष्ट मी ज्या लिलावाच्या ग्रुपवर होते तिथे सगळ्यांना माहीत होती, कारण तिथे 'कुणाला काय हवंय' याची यादीच फिरते. ती यादी संग्राहकांच्या सोयीसाठी असते असं वाटतं. विकणाऱ्याला त्यातून नेमकं कळतं की कोण कुठल्या नाण्यासाठी किती ताणेल.

लिलाव रात्री असायचा. फोटो, मूळ किंमत, मग बोली. शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटं कुणी वाढवलं नाही तर लॉट, म्हणजे बोलीला ठेवलेलं नाणं, त्या बोलीवर तुटला. १९३९ चा लॉट आला तेव्हा नाणं पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, आणि सालावर नेमकी दिव्याची तिरीप. मी सालाचा जवळून काढलेला फोटो मागितला. दहा मिनिटांत आला, स्वच्छ, सुरेख, चारही आकडे ठळक. हा फोटो दुसऱ्याच नाण्याचा होता, हे पुढे कळलं: त्यात काठाजवळ एक बारीकसा काळा ठिपका आहे, माझ्याकडे आलेल्या नाण्यावर तो नाही.

बोली दोघांनी चढवत नेली. नंतर मी त्या ग्रुपवरचे जुने लिलाव मागे जाऊन पाहिले. तीच दोन नावं प्रत्येक महागड्या लॉटवर शेवटपर्यंत बोली लावतात आणि शेवटच्या क्षणी गप्प होतात. क्वचित लॉट त्यांच्याच गळ्यात पडला तर काही आठवड्यांनी तेच नाणं 'घेणाऱ्याने माघार घेतली' म्हणून पुन्हा येतं. विकणाऱ्याचीच माणसं असतात ही. समोर खरं गिऱ्हाईक एकच, तिघांच्या स्पर्धेचा देखावा करून त्याच्याकडून पैसे काढायचे.

पैसे यूपीआयने मागितले, खातं भलत्याच नावाचं. 'मिसेसचं खातं आहे ताई,' असं उत्तर मिळालं. मग पार्सल. परतीची मुदत सात दिवस, पण लिलावाच्या तारखेपासून मोजायची. पार्सल ठाणे शहरात माझ्या घरी पोहोचेपर्यंत ती जवळपास संपलेली. आणि होल्डरवर लाल शाईत शिक्का: होल्डर उघडल्यास परतावा नाही. या शिक्क्यावर मला थांबायचंय, कारण अख्खी लबाडी त्यावर उभी आहे. पापुद्र्याआडून साल नीट तपासता येत नाही, कड दिसत नाही, वजन करता येत नाही. तपासायचं तर उघडावं लागतं आणि उघडलं की हक्क गेला. ज्या ज्या लिलावात ही अट दिसेल तिथून उठा, बाकी माणूस कितीही गोड बोलणारा असो.

मुदत तशीही हातची गेलीच होती, तेव्हा व्हिडिओ चालू ठेवून होल्डर उघडला. जांभळी नाक्याजवळच्या आमच्या नेहमीच्या सराफांकडे नेलं. त्यांनी काट्यावर टाकलं, कड फिरवून पाहिली, टंच काढला. 'वहिनी, चांदी एक नंबर आहे, निर्धास्त राहा.' त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना चांदी विचारली, त्यांनी चांदी सांगितली.

मग घंटाळीला राहणाऱ्या एका ज्येष्ठ संग्राहकांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी दहा पटीचं भिंग काढलं, टेबलावरचा दिवा एका बाजूने खाली ओढला आणि नाणं हळूहळू तिरकं करत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं. 'आधी पहिला नऊ बघ. मग शेवटचा.' एकाच सालात दोन नऊ आहेत, हे माझ्या लक्षात तेव्हा आलं. पहिला नऊ जमिनीतून, म्हणजे नाण्याच्या सपाट भागातून, सलग वर आलेला, कडा सगळीकडून सारख्या गोलसर, इतक्या वर्षांची झीजही सारखी. शेवटच्या नवाला खाली डावीकडे धारदार तुटका कोपरा. त्याच्या शेजारची जमीन किंचित खोल, आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. त्या ओरखड्यांवर काळपट थर बसवलेला होता, जुनेपणाचा रंग दिसावा म्हणून. काकांनी ओल्या कापसाने तो अलगद पुसला. खालून पांढरी चकचकीत चांदी निघाली, नाण्याच्या बाकी अंगाशी न जुळणारी.

'चांदीला दोष नाही गं,' काका म्हणाले, 'सालाला आहे.'

विकणाऱ्याला कळवलं, फोटो पाठवले. त्याचं म्हणणं, जसं होतं तसं दिलं, उघडलंत तुम्ही. ग्रुपवर लिहिलं तर मेसेज काढून टाकला आणि मलाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. इथे या प्रकारच्या फसवणुकीची खरी मेख आहे. ओटीपीच्या फसवणुकीत माणसाला तासाभरात कळतं, तक्रार लगेच गेली तर बँकेला पैसे रोखता येतात. नाण्याच्या बाबतीत कळतं आठवड्यांनी, कधी वर्षांनी, पुष्कळदा विकायला काढल्यावर. तोवर पैसे चार खाती फिरून गेलेले असतात. शिवाय समोरचा म्हणतो, वस्तू तर मिळाली ना? म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली, तक्रार उभी करायची तर लिलावात दाखवलेला फोटो आणि हाती आलेलं नाणं यांतला फरक दाखवणारा पुरावा लागतो. माझ्याकडे ठिपक्याचा फोटो आहे, होल्डर उघडतानाचा व्हिडिओ आहे, जाणकाराचं लेखी मत आहे. त्याच बळावर मी तक्रार लावून धरली आहे.

इतर सोंगंही फिरतात, ती ओळखायला सोपी. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं रामदरबाराचं नाणं असं काही नव्हतंच, ते टोकन आहे, चलनातलं नाणं नव्हे. त्याला लाखो मिळतात हे ऐकून विकायला जाणाऱ्यांकडून आधी 'नोंदणी शुल्क' उकळतात. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला स्पष्ट कळवलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नाही आणि कुठलंही शुल्क किंवा कमिशन ती मागत नाही. रायगडच्या होनाच्या, म्हणजे शिवकालीन सोन्याच्या नाण्याच्या, स्मरणिका म्हणून काढलेल्या प्रतिकृतीही 'घरात सापडला' म्हणून दाखवल्या जातात. ग्रेडिंग केलेल्या, म्हणजे एखाद्या संस्थेने नाणं तपासून दर्जा ठरवलेल्या, सीलबंद डबीवरही डोळे मिटून विश्वास नको: डबीवरचा नंबर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथे नाण्याचा फोटो असेल तर ओरखडा अन् ओरखडा जुळवा, कारण खरा नंबर छापलेली खोटी डबी बनवणं अवघड नाही.

नावाजलेली लिलावगृहं हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, कमिशन आणि जीएसटी लावतात, तो वाचवायला आपल्यापैकी बरेच जण ग्रुपवर जातात. पण तिथे छापील कॅटलॉग असतो, लिलावाआधी नाणं प्रत्यक्ष हातात घेऊन बघायचा दिवस असतो, बिल मिळतं. दुर्मिळ सालासाठी मला ते कमिशन आता स्वस्त वाटतं. ग्रुपवरूनच घ्यायचं असेल तर फोटोवर भागवू नका. होल्डरबाहेर काढलेलं नाणं, शेजारी त्या दिवसाची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी, आणि तिरक्या उजेडात फिरवलेलं साल, असा सलग व्हिडिओ मागा. परतीची मुदत पार्सल हाती आल्यापासून, हे मेसेजमध्ये लिहून घ्या. खातं विकणाऱ्याच्याच नावाचं नसेल तर पैसे पाठवू नका.

ज्यांनी असाच १९३९ घेऊन होल्डरमध्ये बंद ठेवला आहे, त्यांनी व्हिडिओ चालू ठेवून तो उघडावा आणि भिंगाखाली दोन्ही नऊ पडताळून पाहावेत. वेगळे दिसले तर विकणाऱ्याला फोन करण्याआधी ग्रुपवरची सगळी बोली, फोटो आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या उतरवून ठेवा; फोन गेला की तिकडचं सगळं पुसलं जातं.