घरभर गाणी: लिरियन, नॅव्हिड्रोम की जेलीफिन?

सीडी रिप करून, कॅसेटवरून उतरवून जमवलेला संग्रह हार्ड डिस्कवर पडून असेल आणि तो घरात कुठेही ऐकायचा असेल, तर फीचर्स बघण्याआधी एक गोष्ट ठरवा. आवाज खोलीतल्या स्पीकरमधून यायला हवा, की हातातल्या फोनमधून? लिरियन, नॅव्हिड्रोम आणि जेलीफिन ही घरच्या संगणकावरून गाणी पुरवणारी सर्व्हर सॉफ्टवेअर. तिन्ही फुकट आणि ओपन सोर्स असली, तरी त्यांची फारकत इथेच होते.

लिरियन म्युझिक सर्व्हर हे त्यातलं सर्वांत जुनं. स्लिम डिव्हायसेस या कंपनीने ते आपल्या स्लिमपी3 आणि पुढे स्क्वीझबॉक्स या प्लेअरसाठी बनवलं. 2006 मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, 2012 मध्ये प्लेअर बंद केले, पण सर्व्हर वापरणाऱ्यांनी तो तगवला. यात फोन म्हणजे फक्त रिमोट. गाणं सर्व्हर थेट प्लेअरला पाठवतो, त्यामुळे फोन बंद पडला तरी हॉलमधलं गाणं चालूच राहतं. स्वयंपाकघर आणि हॉल सिंक करता येतात. एका खोलीतला आवाज मागे पडत असेल, तर त्या प्लेअरचा डिले मिलिसेकंदांत जुळवता येतो. प्लेअर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, जुना असला तरी पुरतो. त्यावर पायकोअरप्लेअर ही प्रणाली टाका. ते सगळं रॅममध्ये चालतं, म्हणून अचानक लाइट गेली तरी मेमरी कार्ड खराब व्हायची भीती फारशी नसते. आपल्याकडे ही मोठीच सोय. मूळचा चेहरा मात्र जुनाट आहे. मटेरियल स्किन हे प्लगइन पहिल्याच दिवशी टाका.

नॅव्हिड्रोम हलकंफुलकं आहे. ते सबसॉनिक या जुन्या म्युझिक सर्व्हरची भाषा बोलतं, त्यामुळे अँड्रॉइडवर सिम्फोनियम, आयफोनवर अँपरफाय अशी कितीतरी अ‍ॅप्स त्याला चालतात. घराबाहेर असताना मोठ्या फ्लॅक फाइलचं जागच्या जागी ओपस या आटोपशीर स्वरूपात रूपांतर करून पाठवतं, डेटा वाचतो. पण एकाच वेळी तीन खोल्यांत तेच गाणं लावणं हे त्याचं कामच नाही. शिवाय ते फाइलींच्या टॅगवर, म्हणजे फाइलीतच नोंदलेल्या गायक, अल्बम अशा माहितीवर चालतं. 'मामांच्या कॅसेटी' अशा फोल्डरच्या नावांवर तुमची सगळी भिस्त असेल, तर वेब पानावर ते फोल्डर दिसणार नाहीत. लिरियनमध्ये फोल्डर उघडून सरळ गाणं लावता येतं.

जेलीफिन 2018 च्या अखेरीस एंबी या मीडिया सर्व्हरपासून फुटून निघालं. सिनेमे आणि मालिका हा त्याचा जीव, संगीत सोबतीला. टीव्हीसाठी ते आधीच चालवत असाल, तर फिनअँप हे त्याच्या गाण्यांसाठीचं ॲप टाकून बघा, कदाचित तेवढ्यावर भागेल. निव्वळ गाण्यांसाठी मी ते नव्याने बसवणार नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. बऱ्याच सीडींवर विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक असतात, मध्ये खंड मात्र नसतो. लिरियन ते अखंड वाजवतं. नॅव्हिड्रोमच्या बाबतीत हे अ‍ॅपवर अवलंबून. ब्राउझरवर विसंबू नका, समेच्या तोंडाशी ठेच लागते. दुसरं म्हणजे नावं. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतलं तेच नाव हे कुठल्याही सर्व्हरच्या लेखी तीन गायक. एमपी3टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये एकदा बसून एकच रूप ठरवा. राग आणि ताल ट्रॅकच्या नावातच लिहा, म्हणजे 'मारवा' शोधलं की कुठेही सापडेल.

पैसे खर्चायची तयारी असेल तर रून आहे. दिसायला देखणं, कलाकारांची माहिती भरपूर. पण वर्गणी डॉलरमध्ये आहे आणि त्याचा सर्व्हर रास्पबेरी पायवर चालत नाही, वेगळा संगणक लागतो.

स्पीकर असतील तर लिरियन, हेडफोन असतील तर नॅव्हिड्रोम, असं माझं मत. दोन्ही हवं असेल तर दोन्ही बसवा. एक 9000 पोर्टवर, दुसरं 4533 वर, भांडण होत नाही. गाण्यांचा फोल्डर तोच द्या, फक्त दोघांनाही रीड-ओन्ली, म्हणजे वाचता येईल पण बदलता येणार नाही असा.