पाकाशिवायचे पौष्टिक लाडू: गूळ, खजूर की काकवी?

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या भाचीचा परवा फोन आला. "आत्या, डब्यासाठी लाडू करायचेत. ओव्हन नको, पाक नको. गुळाचे करू की खजुराचे?" तिच्या घरी खाणारी माणसं तीन तऱ्हेची आहेत. दीर पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जातो, ती स्वतः दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसते आणि लेक चार वर्षांची आहे. तिघांना मिळून एकच लाडू करावा, असा तिचा बेत होता. मला तो पटला नाही. का पटला नाही ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून नीट लिहून काढते. असाच प्रश्न पडलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

अशा खाऊत तुम्ही दाणे घाला, तीळ घाला, पीठ घाला, पण लाडू वळतो कशावर, यावर बाकीचं ठरतं. चव, किती दिवस टिकणार, किती खर्च येणार, कुणाला सोसणार, सगळं त्यावर. न शिजवता लाडू बांधायला आपल्या कोल्हापुरात तीन गोष्टी सहज मिळतात: गूळ, खजूर आणि गुऱ्हाळं चालू असली की काकवी, म्हणजे उसाच्या रसाचा पातळ गूळ. मी तिन्ही करते, पण तिन्हींना सारखं मानत नाही.

गुळापासून सुरुवात करते, कारण तो आपला आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तीच गुळाच्या व्यापारासाठी, आणि 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी दुकानात गेल्यावर डोळे उघडे ठेवावे लागतात. गुळाचा फार पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, मी घेत नाही. असा रंग यावा म्हणून पुष्कळदा रसात हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात. जुन्या पद्धतीत रसाची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरत. तसा गूळ तपकिरी दिसतो, पण वासाला खमंग असतो. लाडवाला चिक्कीचा कडक गूळही नको. बोटानं दाबल्यावर भुगा होईल असा नरम गूळ हवा.

माझं प्रमाण असं: शेंगदाणे 250 ग्रॅम, गूळ 150 ग्रॅम, तीळ 50 ग्रॅम. साधारण 20 ग्रॅमचे बावीसेक लाडू होतात. शेंगदाणे मंद आचेवर, सालं तडकून दाण्यावर तांबूस ठिपके येईपर्यंत भाजायचे. एक दाणा तोडून बघा, आतून पांढरा दिसला तर अजून पाच मिनिटं. खवट किंवा बुरशी आलेला दाणा दिसला की फेकायचा. भाजल्यानं खवट चव थोडी दबते, पण बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही.

आता खरी मेख. दाणे गार होऊ द्यायचे नाहीत. हाताला सोसवेल इतके कोमट असतानाच सालं पाखडून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवायचे. शेंगदाण्याचं निम्म्याच्या आसपास वजन तेलाचंच असतं. उबेत ते सुटायला लागतं आणि त्याच उबेनं गूळ मऊ पडतो. आधी कोरडं कूट दिसतं, भांड्याच्या कडेला उडतं. गूळ घालून तीन-चार वेळा फिरवलं की ते जड होतं, कडा सोडून मधे गोळा व्हायला बघतं. मूठ दाबून पाहिली की बोटांचे ठसे तसेच राहतात. तिथं थांबायचं. पुढं एक फेरा जास्त झाला तर तेल सुटून तळहात चकाकायला लागतो आणि लाडू बसका होतो. तसं झालंच तर भाजून दळलेले पोहे मूठभर मिसळा, तेल ओढून घेतात. तूप मी यात थेंबभरही घालत नाही, लागतच नाही.

असा एक लाडू साधारण 100 कॅलरींचा होतो. त्यात गूळ सातेक ग्रॅम. "गुळानं रक्त वाढतं" म्हणून पोरांना तीन-तीन लाडू देणाऱ्या आज्या मी पाहिल्यात, पण सात ग्रॅम गुळातून मिळणारं लोह नगण्य असतं. साखरेऐवजी गूळ घेतला तरी शरीराच्या हिशोबात ती साखरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 2000 कॅलरींचा आहार असणाऱ्यानं वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास 25 ग्रॅमच्या आत. गूळ, काकवी, मध हे सगळं त्यात मोजायचं. दोन लाडू आणि दोन कप गोड चहा झाला की 25 ग्रॅम भरलेच समजा.

खजुराबद्दल लोकांचा समज उलटा असतो. "साखर नाही, गूळ नाही, म्हणजे कितीही खा." मी एकदा वहीत मांडून बघितलं. बिनबियांचा खजूर 250 ग्रॅम, बदाम आणि शेंगदाणे मिळून 150 ग्रॅम, तीळ 25 ग्रॅम. याचे 20 ग्रॅमचे एकवीस लाडू होतात. खजुराच्या वजनात दोन तृतीयांशाच्या जवळपास साखरच असते. म्हणजे एका लाडवात सात-आठ ग्रॅम साखर आली, गुळाच्या लाडवापेक्षा किंचित जास्तच! फरक एवढाच, की खजुरातली साखर फळाच्या चोथ्यासकट पोटात जाते, आणि बांधणीचा वाटा वाढल्यामुळं तेलबिया कमी लागतात. कॅलरी त्यामुळं ऐंशी-पंच्याऐंशीवर राहतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी खजुराचा लाडूही डॉक्टरांना विचारूनच खावा, 'शुगर फ्री' म्हणून नव्हे.

करायला मात्र खजूर फार सोपा. वळताना फसत नाही, हाताला चिकटतो एवढंच. मऊ, ओलसर खजूर घ्या. वाळका असेल तर गरम पाण्यात भिजवू नका, पाणी शिरलं की लाडू चौथ्या दिवशी आंबूस होतो. त्यापेक्षा चाळणीवर पाच मिनिटं वाफ द्या आणि कापडानं पुसा. आणि प्रत्येक खजूर उभा चिरून आत बघितल्याशिवाय मिक्सरमध्ये टाकू नका. गेल्या वर्षी एका दुकानातून आणलेल्या बंद पाकिटात, वरून टवटवीत दिसणाऱ्या खजुरांत आत काळी भुकटी आणि अळ्या निघाल्या. दीड तासाची मेहनत वाचली ती चिरून बघितलं म्हणून.

खर्चाला खजूर जड आहे, त्यात बदाम घातले की आणखी जड. आठवड्याला दोन डबे करणाऱ्या घराला हा फरक जाणवतो.

काकवीचं थोडक्यात सांगते. भाजलेलं नाचणीचं पीठ, पंढरपुरी डाळ्याची पूड, दोन चमचे तूप आणि मावेल तेवढी काकवी. चवीला तिन्हींत हाच लाडू मला सगळ्यात आवडतो, तोंडात टाकला की गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळचा वास येतो. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडची नाचणी मिळाली तर उत्तमच. नाचणीत 100 ग्रॅममागं 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही नाहीत. पण काकवीत पाणी असतं, त्यामुळं लाडू दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो आणि डब्यात एकमेकांना चिकटून गोळा होतो. प्रवासाला, ऑफिसला तो उपयोगाचा नाही. पीठ मात्र खमंग वास सुटेपर्यंत भाजाच. या लाडवाला पुढं आच लागणार नसते, कच्चं पीठ पोटाला बाधतं.

मसाल्याकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते तिथंच घरचा लाडू विकतच्या बारपेक्षा उजवा ठरतो. शिजवायचं नसल्यामुळं मसाल्याची चव कच्चीच लागते, म्हणून सुंठ सोडून बाकी सगळे जिन्नस तव्यावर नुसते कोमट करून मगच कुटायचे. गुळाच्या लाडवाला वरच्या प्रमाणात सुंठ एक सपाट चमचा, सहा वेलदोडे आणि जायफळ अगदी चिमूटभर. सुंठ वस्त्रगाळ हवी, नाहीतर तिचे धागे दाताखाली येतात. जायफळ वाढवू नका, जास्त झालं तर ते अंगावर येतं. सुंठीचा तिखटपणा गुळाच्या गोडीला आवर घालतो आणि दोन लाडवांवर हात थांबतो, हा अनुभव आहे.

खजुराला सुंठ मला रुचत नाही. त्याला दालचिनी चालते, पण त्याहून चांगला बसतो तो आपल्या तालमीतल्या थंडाईचा मसाला. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी तालमीच्या आसपास वाढलेल्यांना तो वास सांगावा लागत नाही: बडीशेप, काळी मिरी, वेलदोडा, खसखस आणि बदाम. बदाम लाडवात आहेतच. एक चमचा बडीशेप, दहा-बारा मिरे, पाच वेलदोडे आणि दोन चमचे भाजलेली खसखस घाला. पहिल्या दिवशी मिरी पुढं येते, दुसऱ्या दिवशी सगळं एकजीव होतं. म्हणून हे लाडू आदल्या संध्याकाळी करावेत. ज्या खेळाडूंची उत्तेजक चाचणी होते त्यांनी खसखस वगळावी, तिच्यामुळं चाचणीत दोष दिसू शकतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच पाककृतीत लिहिलेली नसते, ती म्हणजे आपला पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत गूळ पाघळतो. थंडीत डब्यात पंधरा दिवस कोरडे खडखडीत राहणारे गुळाचे लाडू आषाढात पाचव्या दिवशी ओलसर लागतात आणि दाणेही लवकर खवट होतात. त्या चार महिन्यांत मी खजुराचे करते आणि फ्रीजमध्ये ठेवते. गुळाचे करायचेच झाले तर निम्म्या प्रमाणात, चार दिवसांत संपतील एवढेच. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की मात्र पुन्हा गूळ.

आता भाचीच्या तिघांचं. दिराला गुळाचा. माझा पुतण्या रंकाळ्यावर पळायला जातो, 1600 मीटरची वेळ लावून. पळण्याआधी पाऊण तास एक लाडू आणि पाणी, आल्यावर एक, असं त्याचं ठरलेलं. "काकू, ह्यो खाल्ला की पोटाला जड वाटत न्हाई बघ, केळं खाऊन पळालो की ढवळतंय," असं तो सांगतो. घाम गाळणाऱ्याला गूळही पचतो आणि शेंगदाण्याची प्रथिनंही लागतात. स्वस्त आहे, पोराला रोज देताना हात आखडत नाही.

भाचीला स्वतःला खजुराचा, तोही छोटा, लिंबाएवढा नव्हे, आवळ्याएवढा. चारच्या सुमाराला चहासोबतच्या बिस्किटांच्या जागी एक. बिस्किटं खाऊन वर लाडू, असं नको.

लेकीला घरी असेल तेव्हा नाचणी-काकवीचा, मऊ, हातात धरून खाण्याजोगा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा दाणा किंवा बदामाचा तुकडा घशात अडकू शकतो. म्हणून तिच्या वाटणीचं डाळं पिठासारखं बारीक दळायचं, मिरी घालायची नाही, सुंठ बोटाच्या टोकावर मावेल इतकीच. शाळेच्या डब्यात शेंगदाण्याचा लाडू द्यायचा असेल तर शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कुणी वर्गात आहे का, हे बाईंना आधी विचारून घ्यायचं.

भाचीला तिन्ही एकदम करायला वेळ नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून येत्या रविवारी तिनं गुळाचे पूर्ण प्रमाणात करायचे आणि नाचणीचे लेकीपुरते सहा. खजूर महिनाअखेरीला. शेंगदाणे भाजायला ठेवले की फोन कर, असं सांगितलंय. कोमट कधी म्हणायचं, ते फोनवरून सांगेन.