बर्नी की वॉरेन? ३ मार्चच्या आत ठरवायचं असेल तर

माझी मावसबहीण गेल्या वर्षी सिटिझन झाली, सनीवेलला राहते, ३ मार्चला कॅलिफोर्नियाची प्रायमरी (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचं मतदान) आणि हिचं आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मतदान. तर परवा फोनवर म्हणाली, ताई, बर्नी आणि वॉरेन दोघं बोलतात तर सेमच, मग वेगळे कशाला उभे राहिलेत? (म्हणजे बर्नी सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरेन, दोघंही सिनेटर, दोघंही डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे.) तासभर बोललो. तोच प्रश्न अजून दोघातिघांनी विचारला म्हणून इथे लिहून टाकते. आज २४ फेब्रुवारी २०२० आहे, पुढच्या आठवड्यात काय होईल देव जाणे.

आधी सारखं काय ते पटकन. किमान पगार तासाला १५ डॉलर (फेडरल आकडा २००९ पासून ७.२५ वर अडकलाय), सरकारी कॉलेज फुकट, अतिश्रीमंतांच्या संपत्तीवर दरवर्षी टॅक्स, आणि प्रायमरीत बड्या देणगीदारांच्या महागड्या पार्ट्या करायच्या नाहीत. इथपर्यंत खरंच नाणं टाकून ठरवलं तरी चालेल.

फरक कळायला दोघांचं एकेक भाषण ऐका. बर्नीचं घोषवाक्य आहे ‘नॉट मी, अस’, म्हणजे मी नाही, आपण. ऑक्टोबरमध्ये हार्ट अटॅक आला, त्यानंतर क्वीन्सला पहिली मोठी सभा घेतली आणि लोकांना विचारलं, की ज्याला तुम्ही ओळखतही नाही त्याच्यासाठी लढाल का? त्याच्या सगळ्या मेसेजचं सार तेवढंच आहे. मी प्रेसिडेंट झालो तरी एकट्याने काही होणार नाही, तुम्ही रस्त्यावर या, १९८१ ला बर्लिंग्टनचा मेयर झाला तेव्हापासून हेच चालू आहे, हात हलवायची पद्धतसुद्धा तीच. वॉरेनबाई म्हणतात ‘आय हॅव अ प्लॅन फॉर दॅट’. त्या पक्क्या मास्तरीण आहेत, हार्वर्डला दिवाळखोरीचा कायदा शिकवायच्या, आणि २००८ च्या मंदीनंतर ग्राहकांना बँकांपासून वाचवणारी जी सरकारी संस्था निघाली तिची कल्पना मूळ त्यांची. त्यांची गोष्ट म्हणजे वडिलांना हार्ट अटॅक आला, गाडी गेली, घर जायची वेळ आली, तेव्हा आई पन्नाशीत चांगला ड्रेस घालून सिअर्सच्या दुकानात किमान पगाराच्या नोकरीला गेली आणि घर वाचलं. मग त्या म्हणतात, आज त्या पगारात घर वाचत नाही, कारण नियमच मोडून ठेवलेत, आणि ते कसे दुरुस्त करायचे हे मला माहितीये. थोडक्यात बर्नीला गर्दी पाहिजे आणि वॉरेनला पाना-पक्कड.

संपत्तीवरच्या टॅक्समध्ये वॉरेनची सुरुवात ५ कोटी डॉलरच्या वर २ टक्क्यांनी, अब्जाच्या वर आधी ३ टक्के होते ते नंतर ६ केले. सभेत लोक ‘टू सेंट्स, टू सेंट्स’ ओरडतात, डॉलरमागे फक्त दोन सेंट, मेसेज म्हणून हे भारी आहे, पटकन डोक्यात बसतं. बर्नी जोडप्याला ३ कोटी २० लाखांपासूनच १ टक्का लावतो आणि १० अब्जांच्या वर ८ टक्के. आपल्यापैकी कोणी यात बसत नाही त्यामुळे पुढे जाऊया.

स्टुडंट लोनमध्ये मात्र आपली लोकं बसतात. बर्नी सगळंच माफ करतो, देशभरातलं साधारण १.६ ट्रिलियन, पगार कितीही असो. वॉरेन ५० हजारांपर्यंत माफ करतात पण घरचं उत्पन्न लाखाच्या आत असेल तर, त्याच्या वर कमी कमी होत अडीच लाखाला शून्य. नवराबायको दोघं सॉफ्टवेअरमध्ये असाल तर वॉरेनकडून फारसं काही मिळणार नाही. मला स्वतःला वॉरेनचं जास्त न्यायाचं वाटतं, पण बर्नीचं सांगायला सोपं आहे हे मान्य.

आता मेडिकेअर फॉर ऑल, म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा. इथे एच-वन वर (नोकरीला बांधलेल्या कामाच्या व्हिसावर) वर्षं काढलेल्या प्रत्येकाने जरा थांबावं, नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा, आणि इन्शुरन्स नोकरीला बांधलेला म्हणजे पोराला ताप आला तरी आधी हिशोब. बर्नी सरळ बोलतो की हो, तुमचा टॅक्स वाढेल, चौघांच्या कुटुंबाला २९ हजारांच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के असा एक पर्याय त्याने मांडलाय, पण प्रीमियम आणि डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम) जाईल. पटो न पटो, उत्तर एकच आहे. वॉरेनना डिबेटमध्ये हाच प्रश्न परत परत विचारला आणि सगळ्याचा प्लॅन असणाऱ्या बाई याच प्रश्नाला बगल देत राहिल्या. मग नोव्हेंबरमध्ये प्लॅन आला, दहा वर्षांत २०.५ ट्रिलियनचा नवा खर्च आणि मध्यमवर्गावर एक पैसा टॅक्स नाही. दोनच आठवड्यांत दुसरा कागद आला की आधी ऐच्छिक सरकारी इन्शुरन्स, पूर्ण योजनेचा कायदा तिसऱ्या वर्षापर्यंत. कदाचित तेच व्यवहार्य असेल, पण डावे म्हणाले माघार घेतली आणि मधले म्हणाले परवडणार नाही, म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं.

पाळणाघराच्या बाबतीत मात्र वॉरेन पुढे. वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं, उत्पन्नाच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको, गरिबांना फुकट. त्यांची स्वतःची मुलं लहान असताना मावशी ओक्लाहोमाहून आली आणि १६ वर्षं राहिली, म्हणून नोकरी टिकली असं त्या सांगतात. ते ऐकून मला हसू आणि रडू एकदम आलं, कारण आपल्याकडे आई सहा महिन्यांच्या व्हिसावर येते, मग सासूबाई सहा महिने, मग पुढे काय याचं उत्तर कोणाकडेच नसतं. बर्नीने काल रात्री टीव्हीवर फुकट चाइल्डकेअर जाहीर केली, १.५ ट्रिलियनची, पण लोकांनी उचललं ते त्याच मुलाखतीतलं क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोबद्दलचं वाक्य.

सामाजिक न्यायाचं म्हणाल तर आधी वर्ग की आधी जात हा वाद आपल्याला आंबेडकरांपासून माहीत आहे, इथे जातीच्या जागी वंश. २०१६ ला बर्नीवर हाच आरोप होता की प्रत्येक प्रश्नाला वॉल स्ट्रीट हेच उत्तर. यावेळी तो १९६३ ची शिकागोतली अटक सांगतो, शाळेतल्या वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनातली, आणि तुरुंगातल्या कैद्यालाही मत द्या म्हणतो (त्याच्या व्हरमाँटमध्ये ते आहेच). वॉरेन प्रत्येक प्लॅनमध्येच ते घालतात, म्हणजे घरांच्या योजनेत ज्या काळ्या वस्त्यांना सरकारने एकेकाळी कर्जाबाहेर ठेवलं तिथल्या लोकांना डाउन पेमेंटला मदत.

गंमत म्हणजे क्रांती क्रांती करणारा बर्नी सिनेटचा ६० मतांचा नियम (१०० पैकी ६० मतं नसली तर बहुतेक कायदे अडतात) काढायला तयार नाही, बजेटच्या वाटेने, म्हणजे साध्या बहुमतावर करू म्हणतो, आणि मास्तरीणबाई म्हणतात काढाच तो. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि यावर कोणी बोलत नाही.

मन माझं वॉरेनकडे, पण बहिणीला एक गणितही सांगितलं. १५ टक्क्यांच्या खाली राहिलात की डेलिगेट (पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) मिळत नाहीत. कॅलिफोर्नियात ४१५ आहेत, बर्नी परवा नेवाडा जिंकला आणि वॉरेन तिथे चौथ्या. तिने विचार करून सांगते म्हटलं. बर्नीच्या कॅम्पेनचा सहअध्यक्ष रो खन्ना तिचाच खासदार आहे, त्यामुळे ऑफिसमधून तिकडून जोर आहेच.

फोन ठेवता ठेवता कळलं की हिने रजिस्टर करताना ‘नो पार्टी प्रेफरन्स’ (कुठलाच पक्ष नाही) टिक केलंय आणि पोस्टाने आलेल्या बॅलटवर प्रेसिडेंटचा रकानाच नाहीये! दोन आठवडे तो कागद फ्रिजवर लावून बसली होती. ते बॅलट न भरता व्होट सेंटरला ने, डेमोक्रॅटिक क्रॉसओव्हर बॅलट दे म्हणून सांग, बदलून देतात. सनीवेलमध्ये सेंटर्स शनिवारपासून उघडलीत, उद्या ऑफिसला जाताना जाते म्हणालीये.