जुनी चेनसॉ सुरू होत नाही: कार्बोरेटरला किट, नवा कार्बोरेटर की नवी करवत?

दोरी ओढून ओढून खांदा भरून आला की माणूस दोनपैकी एक टोक गाठतो. एकतर प्लग बदलतो, नाहीतर मशीनच बदलायला निघतो. माझं म्हणणं एवढंच की त्याआधी दहा मिनिटं काढून सायलेन्सर खोला. मशीन किती जुनं आहे यापेक्षा आतला पिस्टन कसा आहे, यावर सगळा निर्णय ठरतो.

प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा, सायलेन्सरचे स्क्रू सोडवा आणि टॉर्च धरून दोरी हळूहळू ओढा. एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल आणि कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत असतील, तर इंजिन चांगलं आहे. उभे ओरखडे असतील, अॅल्युमिनियम फरफटल्यासारखं दिसत असेल, तर ते इंजिन कधीतरी तेलाविना किंवा कमी पेट्रोलवर चालून जॅम होत आलेलं आहे. आता सायलेन्सर खोललाच आहे तर त्यातली ठिणग्या अडवणारी जाळीही बघा. काजळीने ती पूर्ण बुजलेली असेल तर बाकी सगळं ठीक असूनही इंजिन धड चालत नाही.

कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, असेल तर थ्रॉटल पूर्ण दाबून पाच-सहा झटके द्या. १५० पीएसआयच्या आसपास किंवा वर आलं तर निश्चिंत व्हा. ९० च्या खाली असेल तर किट (कार्बोरेटरचे आतले बदलायचे भाग), कार्बोरेटर, कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारा भाग) काहीही विकत घेऊ नका. गेज नसेल तर मशीन दोरीच्या मुठीने उचलून धरा. दम असलेलं मशीन थांबत-थांबत खाली येतं, दम गेलेलं एका दमात सरकतं. मात्र हे झालं पारखण्यापुरतं. सुरू करताना करवत हवेत धरून दोरी ओढायची नाही, ती जमिनीवर, पायाखाली दाबून, चेन ब्रेक लावूनच.

पिस्टन चांगला निघाला असं धरू. मग टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून द्या. ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिना-दीड महिन्यात उतरू लागतं, आणि इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणीही ओढून घेतं. वार्निशसारखा वास आला तर ते पेट्रोल राहिलेलंच नाही. नवं मिश्रण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे करा: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, जुन्या मशीनवर २५:१ लिहिलेलं असेल तर ४० मिली.

चोक लावून सहा-सात झटके द्या आणि प्लग काढून बघा. ओला आहे की कोरडा, इथे वाट फुटते.

ओला असेल तर पेट्रोल पोचतंय. प्लग पुसा, फट ०.५ मिमीच्या आसपास ठेवा आणि इंजिनच्या धातूला टेकवून ठिणगी येते का बघा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, त्यातून पेट्रोलचा फवारा उडत असतो. ठिणगी नसेल तर स्विचची तार सुटी करून परत बघा. बऱ्याचदा तारेचं आवरण घासून ती बॉडीला लागलेली असते. तरीही नाही, तर कॉइल. कॉइलला दुरुस्ती नसते, बदलायचीच. बसवताना चुंबकापासून ०.३ मिमी अंतर ठेवायचं, साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून.

कोरडा असेल तर खरी तुलना सुरू होते. पण कार्बोरेटर खोलायच्या आधी टाकीतला पाईप बाहेर ओढून बघा. मी एकदा तीन संध्याकाळी कार्बोरेटर खोलत-लावत बसलो होतो. पाईपला टाकीच्या भोकाशीच चीर होती, बाहेरून अजिबात न दिसणारी, वाकवल्यावरच उघडणारी.

पाईप आणि फिल्टर ठीक असतील तर प्लगच्या भोकात चार थेंब मिश्रण टाकून झटका द्या. दोन सेकंद फडफडून बंद पडलं, तर दोष कार्बोरेटरमध्येच आहे.

किट म्हणजे दोन पडदे, गॅस्केट, सुई आणि बहुतेकदा एक बारीक जाळी. या कार्बोरेटरला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून सुई उघड-बंद करणारा भाग, नसतो, हा पातळ पडदाच इंजिनच्या ओढीने हलून सुई उघडतो. नवा पडदा कापडासारखा लुळा असतो. जुना काढून बोटाने दाबा: जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखा कडक होऊन करकरला, तर रोग सापडला. वॉल्ब्रो, झामा, टिलॉट्सन यांचा मूळ कार्बोरेटर असेल तर माझी पसंती किटलाच. त्याच्या अंगावरचा नंबर बघूनच किट मागवा आणि खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा. गॅस्केट आधी की पडदा आधी, हे दोन्ही बाजूंना सारखं नसतं. भोकांत तार घालू नका, क्लीनरचा फवारा पुरे.

नवा कार्बोरेटर कधी घ्यावा? आत पांढरी-हिरवी बुरशी धरून धातू खाल्ला गेला असेल, स्क्रूंचे आटे गेले असतील, किंवा थ्रॉटलची दांडी खुळखुळत असेल तेव्हा. त्या खुळखुळीतून जादा हवा शिरते आणि किटने ती थांबत नाही. बाजारात स्वस्त नकला भरपूर आहेत, वीस मिनिटांत बसतात, त्यामुळे मोह होतो. पण नकल पेट्रोल कमी देणारी निघाली तर मशीन झोकात सुरू होतं, जोरात किंचाळतं आणि तुमचा चांगला पिस्टन खाऊन टाकतं. म्हणून नकल लावलीच तर एच स्क्रू (पूर्ण वेगात किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) पुस्तिकेप्रमाणे लावून थोडा जास्त पेट्रोलच्या बाजूला ठेवा, आणि मूळ कार्बोरेटर फेकू नका.

नव्या करवतीचा विचार मी तीनच कारणांनी करेन. पिस्टनवर ओरखडे आहेत आणि त्या मॉडेलचा सिलिंडर-पिस्टन संच मिळत नाही. मशीन इतकं जुनं आहे की उसळी आल्यावर चेन थांबवणारा ब्रेकच नाही. किंवा वर्षातून चारदाच फांद्या तोडायच्या आहेत. या तिसऱ्याने पेट्रोलचं मशीन परत घेऊच नये. वापराविना पडून राहूनच ही मशीनं रुसतात आणि बॅटरीच्या करवतीत पेट्रोल, पडदा, सुई हा प्रकारच नसतो. जाड खोडं दिवसभर कापणाऱ्याला मात्र बॅटरी अजून पुरत नाही.

मशीन मोडीत घालायचंच ठरलं, तर कॉइल, कार्बोरेटर आणि स्टार्टरचा भाग काढून डब्यात ठेवा. त्याच मॉडेलची करवत वापरणारा कोणीतरी ते शोधत असतोच.